चोर आणि पोलीस एकाच बाजूला : विनोदी गुन्हेकादंबरीत खरी कसोटी कोणाची?

धागाकर्ता : शाईचा डाग

पोलीस अधिकारी आणि भामटा यांना एकाच कामगिरीवर जुंपणाऱ्या विनोदी गुन्हेकादंबऱ्या मी आवडीने वाचतो. त्यांतल्या बऱ्याचशा मध्यावर येऊन का ढेपाळतात, यावर चर्चा व्हावी म्हणून हा धागा काढत आहे. साचा सर्वांच्या परिचयाचा आहे. एक शिस्तप्रिय अधिकारी वर्षानुवर्षे एका देखण्या, बोलघेवड्या ठगाच्या मागावर असते. ठग सापडतो, किंवा सापडल्यासारखे दाखवतो. आणि मग वरिष्ठांच्या असे ध्यानात येते की कायद्याच्या हाती न लागणारा त्याहून मोठा लबाड पकडायचा असेल तर याच माणसाला हाताशी धरले पाहिजे. चोराच्या वाटा चोरालाच ठाऊक, हे सरकारदरबारी एकदा पटले की कादंबरी सुरू होते.

माझे म्हणणे असे की अशी कादंबरी चोराची नसतेच, ती अधिकाऱ्याची असते. मुखपृष्ठावर चोर असतो, टाळ्यांची वाक्ये त्याच्या वाट्याला येतात, वाचकही त्याच्यावरच भाळतो. पण पहिल्या पानावरचा चोर आणि शेवटच्या पानावरचा चोर यांत सहसा काहीही फरक पडलेला नसतो. त्याच्यापाशी गमावण्यासारखे फार थोडे असते. पकडला गेला तर तुरुंग, आणि तुरुंग त्याच्या हिशेबात आधीपासूनच धरलेला असतो. याउलट अधिकाऱ्याजवळ शपथ असते, सेवापुस्तिका असते, नियमांवरचा विश्वास असतो आणि त्या विश्वासावर उभे केलेले सारे आयुष्य असते. तिने खोट्या नावाखाली केलेली पहिली सही ही चोराने फोडलेल्या दहाव्या तिजोरीपेक्षा कितीतरी मोठी घटना आहे, आणि हे ज्या लेखकाला कळते त्यालाच हा प्रकार साधतो.

विनोदही तिथूनच येतो. प्रामाणिक माणूस खोटे बोलायला शिकत असतो, आधी ते त्याला जमत नाही, आणि मग ते त्याच्या स्वतःच्या अपेक्षेपेक्षा फारच चांगले जमू लागते. श्रीमंत लिलाव-ग्राहकाचे सोंग घेतलेली अधिकारी पहारेकऱ्याला लाच देते आणि सवयीने त्याच्याकडे पावती मागते, असा एखादा प्रसंग कल्पून पाहा. त्यात चोराने मारलेल्या कोटीपेक्षा अधिक हसू आहे, कारण ते स्वभावातून आलेले आहे. पुढे पन्नास पानांनी तीच अधिकारी पावती मागायची विसरते, तेव्हा वाचक हसतो आणि त्याच क्षणी किंचित दचकतोही.

बिघडलेल्या कादंबऱ्यांत दोन खोडी मला वारंवार दिसतात. पहिली म्हणजे चोर हुशार ठरावा म्हणून अधिकाऱ्याला बावळट करणे. ज्या बाईने या माणसाचा चार देशांत माग काढला, तिला समोरच्या वेटरची नकली मिशी ओळखू येऊ नये, हे पटत नाही. दुसरी खोड अधिक घातक आहे. चोराला इतके धुऊन-पुसून स्वच्छ करायचे की तो केवळ दुष्टांनाच लुटतो, लुटीतला मोठा वाटा अनाथांना देतो आणि शस्त्राला शिवतही नाही. मग अधिकाऱ्याला अवघडल्यासारखे वाटण्याचे कारणच उरत नाही, आणि ते गेले की कादंबरीचा कणा गेला.

मॉरिस लब्लां यांनी १९०५ साली आर्सेन ल्यूपँ हा चोर वाचकांपुढे आणला, तो पहिल्याच कथेत अटक होणारा चोर म्हणून. अटकेपासून आरंभ करण्यात मोठी समज आहे. कायदा आधी जिंकू शकतो हे एकदा सिद्ध झाले की पुढच्या प्रत्येक निसटण्याला किंमत येते. आपल्याला काय वाटते?

तिसरी घंटा

विषय उत्तम मांडला आहे, परंतु 'कादंबरी अधिकाऱ्याची असते' हे मला अर्धेच मान्य आहे. चोर बदलत नाही म्हणून तो दुय्यम, हा तर्क विनोदाच्या बाबतीत टिकत नाही. विनोदी पात्राचे बळ पुष्कळदा त्याच्या न बदलण्यातच असते. चोराला आपल्या कसबाचा अभिमान असतो आणि तो कोणत्याही परिस्थितीत सुटत नाही, हेच मुळात हास्यकारक आहे.

याचा उत्तम नमुना पाहायचा असेल तर शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' नाटकाच्या तिसऱ्या अंकातला शर्विलक आठवावा. तो चारुदत्ताच्या घराला भोक पाडायला येतो, पण भोक कसेही पाडून त्याचे समाधान होणार नसते. कमळाच्या आकाराचे पाडावे, की सूर्याच्या, की स्वस्तिकाच्या, की पूर्णकुंभाच्या, याचा तो शास्त्रोक्त विचार करतो. मोजमाप घ्यायला दोरी आणलेली नाही हे लक्षात येताच गळ्यातले जानवे काढून त्याने माप घेतो, आणि ब्राह्मणाला हे किती उपयोगी आहे याचे वर कौतुकही करतो. आत शिरल्यावर घर अगदीच दरिद्री निघते, तेव्हा तो निघून जाण्याच्या बेतात असतो. तेवढ्यात झोपेत बरळणारा चारुदत्ताचा मित्र मैत्रेय त्याला शपथ घालून दागिन्यांची पेटी घ्यायला लावतो. चोराला चोरी करायची विनवणी करणारा रखवालदार, हा प्रसंग आजच्या कोणत्याही विनोदी गुन्हेकथेत जसाच्या तसा शोभेल.

आणखी एक गोष्ट या अंकात आहे, जी आपल्या चर्चेला थेट लागू पडते. सकाळी चारुदत्त ते भोक पाहतो आणि आधी त्याच्या देखणेपणाचेच कौतुक करतो. चोर आपल्या घरून रित्या हाताने गेला नाही, याचा त्याला आनंद होतो. पेटी दुसऱ्याची ठेव होती, हे त्यानंतर ध्यानात येऊन त्याची शुद्ध हरपते. आपण शर्विलकाला हसून माफ करतो ते तो लोभी नाही म्हणून तर खरेच, कारण आपल्या प्रेयसीला, मदनिकेला, दास्यातून सोडवण्यासाठी त्याला पैसा हवा आहे. पण त्याहूनही अधिक, ज्याचे घर फोडले त्याने आपल्याला हसण्याची मोकळीक दिली म्हणून. लुटला गेलेला माणूस कसा वागतो यावर चोराचे गोड वाटणे अवलंबून असते. चोराला स्वच्छ करण्याबद्दल धागाकर्त्यांची तक्रार रास्त आहे; परंतु ज्याची चोरी झाली त्याच्याकडे लेखकाचे लक्षच नसणे, ही मला त्याहून मोठी खोड वाटते.

कोरा कागद

मी वकिलीच्या क्षेत्रातला असल्यामुळे मला या कादंबऱ्यांत एक गोष्ट खटकते. ठगाला कामाला लावण्याचा निर्णय जणू दोन वरिष्ठांनी कॉफी पिता पिता घेतलेला असतो. प्रत्यक्षात अशा व्यवस्थेभोवती कागदपत्रांचे जंगल असते, आणि विनोदी लेखकाला याहून सुपीक जमीन कुठे मिळणार?

एक खरे उदाहरण देतो. अमेरिकेत १९७८ साली एफबीआयने मेल्विन वाइनबर्ग या शिक्षा झालेल्या ठगाला हाताशी धरून एक सापळा रचला. चोरीची चित्रे आणि रोखे परत मिळवणे हा मूळ हेतू होता. त्यासाठी 'अब्दुल एंटरप्रायझेस' नावाची बनावट कंपनी उभी केली गेली आणि तिच्या मागे एक गडगंज अरब शेख आहे असे भासवले गेले. शेखच्या वेशात एफबीआयचाच माणूस होता. मासे गळाला लागू लागले आणि बघता बघता ते राजकारणी निघू लागले. १९८० मध्ये प्रकरण बाहेर आले तोवर बरेचसे चित्रफितींवर नोंदले गेले होते. शेवटी एक सिनेटर आणि प्रतिनिधिगृहाचे सहा सदस्य दोषी ठरले. त्यांपैकी एका सदस्याने पंचवीस हजार डॉलर आपल्या खिशांत कोंबले आणि बाहेरून काही दिसते का, असे समोरच्यांनाच विचारले. हा प्रसंग कादंबरीत घातला असता तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापला असता.

आता यातला कायद्याचा प्रश्न पाहा. सरकारने पसरलेल्या मोहाला बळी पडलेला माणूस गुन्हेगार, की सरकारनेच घडवलेला गुन्हेगार? १९३२ साली सॉरेल्स खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे हाच मुद्दा आला होता. दारूबंदीच्या काळात वेश पालटून आलेल्या अधिकाऱ्याने, आपणही पहिल्या महायुद्धात त्याच तुकडीत होतो अशी ओळख वाढवत पुन्हा पुन्हा दारू मागितली, आणि अखेर आरोपीने अर्धा गॅलन व्हिस्की पाच डॉलरला आणून दिली. न्यायालयाने असा बचाव मांडता येतो हे मान्य केले. शेखच्या प्रकरणातल्या आरोपींनीही हाच बचाव घेतला. तिथे मात्र तो अखेरपर्यंत टिकला नाही आणि अपिलांत शिक्षा कायम राहिल्या. तरीही आरडाओरड इतकी झाली की जानेवारी १९८१ मध्ये अमेरिकेच्या अॅटर्नी जनरलनी एफबीआयच्या छुप्या कारवायांसाठी लेखी मार्गदर्शक तत्त्वे काढली.

म्हणून माझे मत धागाकर्त्यांच्या बाजूचे आहे, पण कारण वेगळे. चोराने केलेला गुन्हा हा त्याचा एकट्याचा असतो. अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली चोराने केलेला गुन्हा मात्र राज्याच्या नावावर जमा होतो. आपला साथीदार ठरल्यापेक्षा एक दार जास्त उघडतो तेव्हा अधिकाऱ्याच्या पोटात गोळा येतो, तो केवळ वरिष्ठ रागावतील म्हणून नव्हे. उद्या न्यायालयात मुख्य आरोपीचा वकील उभा राहून 'हे दार कोणी उघडले?' असे विचारेल आणि सगळा खटला तिथेच कोसळू शकेल, हे तिला दिसत असते. ही भीती लेखकाने वापरली तर चोराची प्रत्येक मौज आपोआप तणावाने भरून जाते.

उंबरठा

चर्चा रंगली आहे म्हणून एक भाबडा प्रश्न. या दोघांत प्रेम जुळलेच पाहिजे, असा काही नियम आहे का? मला तरी प्रत्येक वेळी शेवटच्या तीन प्रकरणांत ते कंपनीच्या अटीप्रमाणे उरकल्यासारखे वाटते.

शाईचा डाग

तिसरी घंटा, शर्विलकाचे उदाहरण चपखल आहे, आणि लुटला जाणाऱ्याविषयीचा मुद्दा मी निमूटपणे स्वीकारतो. एकच पुस्ती जोडतो. शर्विलक एकटा आहे. त्याच्या शेजारी त्या रात्री नगररक्षक उभा असता, आणि भोक कमळाचे की स्वस्तिकाचे यावर त्याचे मत विचारले गेले असते, तर अंक कोणाचा झाला असता? मला वाटते, मत देणाऱ्या नगररक्षकाचा.

कोरा कागद यांच्या प्रतिसादातून माझ्या म्हणण्याला असा पाया मिळाला, जो मला स्वतःला सुचला नव्हता. गुन्हा राज्याच्या नावावर जमा होतो, हे वाक्य अशा कादंबरीच्या प्रत्येक लेखकाने टेबलासमोर चिकटवून ठेवावे.

उंबरठा, नियम नाही आणि नसावा. या जोडीतले आकर्षण मुळात बुद्धीचे असते. अधिकाऱ्याने या माणसाच्या सवयी, त्याची आवडती हॉटेले, त्याच्या खोट्या नावांमागची संगती यांचा इतका अभ्यास केलेला असतो की जगात त्याला तिच्याइतके कोणीच ओळखत नाही, आणि हे त्यालाही ठाऊक असते. पाठलाग करणारीकडून आपले इतके बारकाईने वाचन होणे त्याला सुखावते. या सुखाला प्रेम म्हणायचे की नाही हे वाचकावर सोडणारे लेखक मला अधिक शहाणे वाटतात. चुंबन झाले की तो प्रश्न निकालात निघतो, आणि प्रश्न निकालात काढण्याची घाई फक्त प्रकाशकाला असते.

जुना नकाशा

सगळ्यांनी जोडी गृहीत धरली आहे, म्हणून थोडे मागे जाऊन सांगतो की इतिहासात ही जोडी आधी एकाच माणसात नांदत होती. यूजेन फ्रांस्वा विदोक १७७५ साली फ्रान्समधल्या आरास येथे जन्मला. तुरुंग, पलायन, पुन्हा तुरुंग असे तारुण्य घालवल्यावर तो पोलिसांचा खबऱ्या झाला आणि पुढे पॅरिसच्या साध्या वेशातल्या तपास पथकाचा प्रमुखच होऊन बसला. हे पथक १८१२ मध्ये सुरते या नावाने अधिकृत झाले. आपल्या हाताखाली त्याने मुद्दाम माजी गुन्हेगार नेमले. १८२७ मध्ये पद सोडल्यावर त्याने आठवणी छापल्या, १८३३ मध्ये खाजगी तपासाची कचेरी काढली, आणि व्हिक्टर ह्यूगो यांच्या 'ले मिझेराब्ल'मधला पळता कैदी आणि त्याचा पाठलाग करणारा पोलीस या दोघांचीही प्रेरणा तोच होता असे मानले जाते.

शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एका जिवंत माणसाची दोन पात्रे झाली. एकाला कायदा मिळाला, दुसऱ्याला पळणे. आजच्या विनोदी कादंबऱ्यांतली जोडी त्याच फाळणीचे हलकेफुलके रूप आहे. ती वाचताना आपल्याला सुख होते ते चोर पकडला जातो किंवा निसटतो म्हणून नव्हे, तर तोडलेले दोन भाग एका मोटारीत शेजारी बसून रस्त्यावरून भांडत आहेत म्हणून. त्यामुळे कसोटी कोणाची हा प्रश्नच मला थोडा अपुरा वाटतो. चोरात दडलेला पोलीस दिसत नसेल, तर अधिकाऱ्यात दडलेला चोर दाखवून काय उपयोग? ज्या ठगाला काटेकोर नियोजनाचे वेड असते, जो साथीदाराच्या उशिरा येण्यावर संतापतो, आपल्या टोळीत शिस्त मोडणाऱ्याला काढून टाकतो, तो खरे तर उत्तम ठाणेदार झाला असता. हे त्याच्या अधिकाऱ्याने त्याला सुनवावे आणि त्याला ते मनापासून लागावे. चोर बदलत नाही असे म्हणणाऱ्यांसाठी एवढा बदल पुरेसा आहे.

वाचनवेडा

पात्रांवर बरेच बोलून झाले, म्हणून रचनेविषयी लिहितो. या प्रकारात एक न लिहिलेला नियम आहे. जी योजना वाचकाला आधी सविस्तर सांगितली जाते ती फसणार, आणि जी यशस्वी होणार ती वाचकापासून लपवली जाणार. सगळे सांगून सगळे तसेच घडले तर वाचनाचे कारण उरत नाही. पण आता वाचकही हा नियम शिकला आहे. 'आता ऐका माझी योजना' असे म्हणून प्रकरण संपले की त्याला विजयाची खात्रीच पटते. मला यावरची उत्तम तोड म्हणजे योजना अर्धी सांगणे आणि उरलेली अर्धी अधिकाऱ्यालाही माहीत नसणे. मग वाचक तिच्या बाजूला उभा राहतो, आणि धागाकर्त्यांचा मुद्दा रचनेच्या अंगानेही खरा ठरतो.

फजितीचा उगम कुठे असावा, यासाठी २००३ च्या फेब्रुवारीतली अँटवर्पच्या हिरेबाजारातली चोरी पाहावी. टोळीतल्या एकाने त्या इमारतीत हिऱ्यांचा व्यापारी म्हणून फार आधीपासून कचेरी भाड्याने घेतली होती. उष्णता आणि हालचाल ओळखणाऱ्या यंत्रावर केसांचा फवारा मारून ते आंधळे केले गेले. दहा कोटी डॉलरहून अधिक किमतीचा माल गेला, असा अंदाज सांगितला जातो, आणि त्यातला बहुतेक कधीच परत मिळाला नाही. एवढे साधूनही टोळी पकडली गेली ती कचऱ्यामुळे. महामार्गालगत टाकून दिलेल्या पिशवीत पुराव्याचे कागद निघाले आणि अर्धवट खाल्लेले सँडविचही. यंत्राला फसवणारी माणसे स्वतःच्या आळसाला फसवू शकली नाहीत. विनोदी गुन्हेकथेतली चूक अशीच असावी. ती योगायोगाने घडू नये, पात्राच्या स्वभावातून घडावी, आणि शक्यतो सर्वांत कुशल कामाच्या लगेच नंतर.

डोनाल्ड वेस्टलेक यांची १९७० सालची 'द हॉट रॉक' ही कादंबरी मुळात त्यांच्या एका थंड डोक्याच्या, कठोर चोरासाठी योजलेली होती. एकच रत्न पुन्हा पुन्हा चोरावे लागते ही कल्पना त्या पात्राच्या हाती विनोदी होऊ लागली, म्हणून त्यांनी नवा, दुर्दैवी चोर घडवला. हे उदाहरण अशासाठी की विनोद वरून शिंपडता येत नाही. प्रसंग जर मुळातच हास्यकारक असेल तर गंभीर पात्र त्यात टिकत नाही, आणि गंभीर असेल तर चुरचुरीत संवादांनी तो हलका होत नाही.

उंबरठा

प्रेमाचे उत्तर पटले. मग आता मालिकेचे सांगा. पहिल्या पुस्तकात ही जोडी जमते ती नाइलाजाने. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या पुस्तकात नाइलाज कुठून आणायचा?

शाईचा डाग

तिथेच बहुतेक मालिका गळपटतात, कारण लेखक प्रत्येक नव्या पुस्तकाच्या आरंभी अधिकाऱ्याची पाटी कोरी करून टाकतो. मागच्या वेळी तिने मोडलेले नियम, तोंडी घेतलेल्या परवानग्या, अहवालातून गाळलेले दोन तास, हे सारे जणू घडलेच नाही. नवा खलनायक, नवे शहर, तीच थट्टामस्करी. तिसऱ्या पुस्तकापर्यंत दोघे सहकारी होऊन जातात, आणि सहकाऱ्यांच्या कादंबरीत चोर उरत नाही.

कोरा कागद यांनी सांगितलेला हिशेब पुढे चालू ठेवला तर नाइलाज आपोआप तयार होतो. दुसरे पुस्तक नव्या चोरीने सुरू न होता अंतर्गत चौकशीच्या नोटिशीने सुरू व्हावे. पहिल्या कामगिरीचा खटला उभा राहिला आहे, आरोपीच्या वकिलाने त्या जास्तीच्या दाराविषयी विचारले आहे, आणि ते दार कोणी उघडले हे सांगू शकणारा एकमेव साक्षीदार म्हणजे तो ठग, जो मधल्या काळात अर्थातच पसार झाला आहे. आता तिला त्याला पुन्हा शोधायचे आहे, पण या वेळी अटक करण्यासाठी की वाचवून घेण्यासाठी, हे तिलाही नक्की सांगता येत नाही. त्याच्या बाजूनेही गंमत अशी की त्याने आयुष्यात प्रथमच खरे बोलावे यावर तिची नोकरी अवलंबून आहे, आणि शपथेवर खरे बोलण्याचा त्याला काडीचा सराव नाही. तो तिच्याकडे शिकवणी मागतो.